कंपनीचा मेसेज

वेळेचं भान त्याला आहे, एवढं आधी मान्य करू. रात्री नऊ वाजून गेले की तो सहसा दार वाजवत नाही आणि सकाळी नऊच्या आत तोंड दाखवत नाही. हे काही त्याचे संस्कार नव्हेत. २०११ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळात जाहिरातीच्या फोनना आणि मेसेजना मनाई केली. पुढं नियम बदलले, पण तेव्हा लागलेलं वळण बरंचसं टिकलं. दिवसाढवळ्या येतो, नाव-गाव लावून येतो, हात जोडून येतो. त्याला चोर म्हणायला जीभ धजत नाही. दर वेळी तो चोर नसतोही.

कुंभारीत तो पोचतो तेव्हा बायका उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात. सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याला लागलं की हे गाव येतं, आणि मूळ गावापेक्षा त्याच्या वसाहतीच आधी डोळ्यांत भरतात. कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार घरकुल ही त्यातली जुनी. दहा हजार घरं, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते बायकांना त्यांच्या किल्ल्या मिळाल्या. मग रे नगर आलं. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना, पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये, आणि त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सुपूर्द केली. विडीवाल्या, यंत्रमागवाले, फेरीवाले, कचरा वेचणारे, ड्रायव्हर असे सगळे तिथं राहायला आले. दोन्ही वसाहतींमागं कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, आणि वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे आहेत. घरटी एकच फोन धरला तरी आपल्या पाहुण्याला इथं रोजचं काम भरपूर.

पानं कातरून झालेली असतात. तंबाखू भरायची, बोटांनी वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मध्येच हात थांबला की दिवसाच्या हजार विड्यांचा हिशोब कोलमडतो. अशात खिडकीत चार्जिंगला लावलेला फोन टुंग करतो.

“बघ की गं, काय आलंय.”

पोरगी दप्तर भरता भरता काचेवरून अंगठा फिरवते. “काही नाही अम्मा, कंपनीचा मेसेज.”

एवढ्या चार-पाच शब्दांत त्याची ओळख होते आणि बोळवणही. कुठल्या कंपनीचा, हे कुणी विचारत नाही. सिमकार्डवाली, कर्जवाली, ऑनलाइन रमीवाली, केसांच्या तेलाची, सगळ्या मिळून कंपनी एकच. एखाद्याचं इतकं थोडक्यात मूल्यमापन मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. आणि तरीही, त्या एका टुंगसाठी पोरीचं दप्तर अर्धवट राहतं आणि आईची नजर सुपावरून उठते, ही त्याची कमाई. मेसेज वाचला गेला नाही तरी त्याचं फारसं बिघडत नाही. लाखाला पाठवायचे आणि त्यातला एखादा गळाला लागला तरी पुरे, असा त्याच्या मालकाचा हिशोब असतो.

अंगानं तो लहानखुरा. रोमन लिपीत १६० अक्षरं मावतात, तेवढाच त्याचा देह. देवनागरीत लिहिलं तर ७० अक्षरांतच एका मेसेजची जागा संपते, पुढं दुसऱ्याचे पैसे पडतात. तो मराठी का बोलत नाही याचं अर्धं उत्तर इथं आहे. कुंभारीच्या घरांत तेलुगू बोलतात, मराठी बोलतात, कन्नडही बोलतात, आणि एकाच वाक्यात तिन्ही आल्या तरी कुणाला नवल वाटत नाही. हा मात्र इंग्रजीत येतो, नाहीतर इंग्रजी अक्षरांत कोंबलेल्या हिंदीत. स्वस्त पडतं म्हणून.

पेहराव पाहण्यासारखा असतो. कपाळावर सहा अक्षरांचं नाव, त्याच्या आधी दोन अक्षरांचा टिळा. त्यातलं पहिलं अक्षर कुठल्या कंपनीच्या जाळ्यातून आला ते सांगतं (‘जे’ म्हणजे जिओ, ‘ए’ म्हणजे एअरटेल, ‘व्ही’ म्हणजे व्होडाफोन आयडिया, ‘बी’ म्हणजे बीएसएनएल) आणि दुसरं कुठल्या भागातून ते. ‘डी’ असेल तर दिल्ली, ‘एम’ असेल तर मुंबई. २०२५ पासून त्याला शेपटीही आली आहे. जाहिरात असेल तर ‘पी’, सेवेची माहिती असेल तर ‘एस’, व्यवहाराची असेल तर ‘टी’, सरकारी असेल तर ‘जी’. म्हणजे आता माणसानं शेपूट बघून ओळखायचं की हा घरात घ्यावा की नाही. कल्पना चांगली आहे. पण शेपटीचा अर्थ इंग्रजी मुळाक्षरावर बेतलेला, आणि तो कळवण्यासाठी विडी वळणाऱ्या बाईकडं कुणी गेलं असेल असं वाटत नाही.

स्वभावानं तो अतोनात आनंदी. “अभिनंदन!” अशीच सुरुवात. तुमच्यासाठी दोन लाखांचं कर्ज आधीच मंजूर झालेलं आहे, फक्त इथं दाबा. मंगळवारी सकाळी, तेल-मिठाची चिंता चालू असताना, या बाईचं अभिनंदन करणारा साऱ्या पृथ्वीवर तो एकटाच. तिला तो पुण्यातले टू बीएचके दाखवतो, दुबईची सहल देऊ करतो, मुलाला परदेशात एमबीबीएसला पाठवायचं का विचारतो. आपल्या डोक्यावरच्या छपरासाठी जिनं किती मोर्चे चालले हे तिचं तिलाच आठवत नसेल, तिला हा ‘सोप्या हप्त्यांत स्वप्नातलं घर’ सांगतो. कुणाच्या दारात उभा आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यायला खर्च येतो, म्हणून तो घेतही नाही.

घराणं मात्र जुनं. मूळपुरुष ३ मे १९७८ चा. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या गॅरी थ्युर्क नावाच्या विक्रेत्यानं आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या, चारशेच्या आसपास लोकांना, त्यांनी विचारलेलं नसताना, आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचं निमंत्रण पाठवलं. बोलणी बसली, पण यंत्रंही खपली म्हणतात. १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या वकील नवरा-बायकोनं, कँटर आणि सीगल यांनी, ग्रीन कार्डची जाहिरात युजनेटवरच्या हजारो चर्चागटांत ओतली. लोक खवळले, तर त्या दोघांनी अशानं पैसा कसा कमवावा यावर पुस्तकच काढलं. त्याच्यावर पुढं जे कायदे झाले त्यांत वकिली कावा इतका का, हे विचारताना ही वंशावळ लक्षात असू द्यावी.

त्यातला सगळ्यांत गाजलेला कायदा अमेरिकेचा. १६ डिसेंबर २००३ ला अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो लागू झाला. नाव ‘कॅन-स्पॅम’. विरोधकांनी लगेच त्याचा अर्थ ‘खुशाल पाठवा’ असा लावला, आणि ते अगदीच चुकले नव्हते. खोटा विषय लिहू नका, खरा पत्ता द्या, ‘नको’ म्हणण्याची सोय ठेवा, आणि मग पाठवा. म्हणजे पहिल्यांदा घरात शिरायला परवानगी लागत नाही, हाकललं तर मात्र जायचं. कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी उलटा नियम केला होता, की आधी विचारा, मग पाठवा. या मध्यवर्ती कायद्यानं तो अंमलात येण्याआधीच मोडीत काढला. युरोपनं २००२ च्या निर्देशात आधी परवानगीचाच रस्ता धरला होता, कॅनडानंही २०१४ पासून तोच धरला.

त्याच सुमाराला, जानेवारी २००४ मध्ये, दाव्होसला बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत हा प्रश्न संपेल. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगानं संसदेला कळवलं की ई-मेल नको असणाऱ्यांची यादी करण्याच्या भानगडीत पडू नका. जिवंत पत्त्यांची आयती यादी पाठवणाऱ्यांच्याच हाती पडेल. ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं आणि तेच नाव पुढच्याला द्यायचं! कळवणाऱ्यांना आपला पाहुणा नीट कळला होता, एवढं खरं.

आपल्याकडं ई-मेलमधल्या अनाहूत जाहिरातीवर वेगळा कायदा कधी झालाच नाही. जे काही होतं ते एका कलमाच्या एका उपकलमात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं ६६-अ हे कलम घातलं गेलं. त्याच्या तिसऱ्या भागात म्हटलं होतं की त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, किंवा निरोप कुठून आला याबद्दल समोरच्याला फसवावं म्हणून पाठवलेला ई-मेल हा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद. वाचणाऱ्याला वाटावं, घ्या, सापडला पाहुणा. पण या कलमाची कुऱ्हाड त्याच्यावर पडल्याचं कुणी ऐकलं नाही. ती पडली पालघरमध्ये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, मैत्रिणीनं त्या आवडल्याची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं, अख्खं, सगळ्या उपकलमांसकट.

निकाल योग्यच होता, याबद्दल मला शंका नाही. माणसाचं तोंड दाबणारं कलम मोडलं हे बरंच झालं. पण त्याबरोबर अनाहूत ई-मेलचा जो एक बारीकसा उल्लेख कायद्यात होता तोही गेला, आणि त्याच्या जागी नेमकं, फक्त धंद्याच्या मेलपुरतं काही आणावं असं कुणाला वाटलं नाही. कुंभारीच्या घरकुलाला ज्यांचं नाव आहे त्या गोदूताईंनी आयुष्य घालवलं ते तलासरी-डहाणूच्या वारल्यांमध्ये, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातच. योगायोगाला अर्थ नसतो. पण नकाशावर ही दोन गावं अशी अनपेक्षितपणे जवळ येतात खरी.

तेव्हा ई-मेलच्या रूपात आजही त्याला मोकळं रान आहे. कुंभारीत कोण ई-मेल वाचतं, असं कुणी म्हणेल. वाचत नाही, पण असतो प्रत्येकाचा. साधा अँड्रॉइड फोन घेतला की ॲप उतरवायला गुगलचं खातं लागतं. ते दुकानदार काढून देतो. बाईचं नाव, जन्मसाल, मध्ये एखादं टिंब, संपलं. पासवर्ड तो फोनच्या खोक्यावर बॉलपेननं लिहितो आणि खोकं दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जातं. त्या पत्त्यावर आपला पाहुणा वर्षानुवर्षं येत राहतो. घड्याळं, लॉटऱ्या, वजन घटवण्याच्या गोळ्या, वारस नसलेल्या परदेशी श्रीमंतांची इस्टेट, सगळं घेऊन. जीमेलचा पहारेकरी त्यातल्या बहुतेकांना स्पॅमच्या खोलीत ढकलतो. तिथं तो तीस दिवस अंधारात बसतो आणि मग आपोआप पुसला जातो. बाईला तो आलेलाही कळत नाही आणि गेलेलाही. जगात जेवढे ई-मेल धावतात त्यातले जवळपास निम्मे असेच असतात, असे अंदाज आहेत.

हा पहारेकरी खासगी आहे, ही गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं घाऊक मेल पाठवणाऱ्यांना अटी घातल्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवत असाल तर आपण खरोखर कोण ते तांत्रिक पुराव्यानं सिद्ध करा, एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्या, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा. नाहीतर दार बंद. ना संसद, ना चर्चा, ना कोर्ट. वीस वर्षांत कायद्यांनी जेवढा धाक बसवला नाही तेवढा या फर्मानानं बसला. चांगलं झालं म्हणायचं, पण दाराची कडी आपल्या हातात नाही हेही दिसतं. उद्या पहारेकऱ्याची मर्जी फिरली तर दाद कुठं मागायची?

फोनच्या मेसेजचं मात्र आपल्याकडं सरकारनं मनावर घेतलं, आणि एकदा नाही, चार-पाचदा घेतलं. २००७ मध्ये ‘फोन करू नका’ यादी निघाली. २०१० मध्ये नवे नियम आले आणि २०११ मध्ये लागू झाले. त्या भरात एका सिमवरून दिवसाला किती मेसेज पाठवावेत यावरच मर्यादा घातली, आधी शंभर, मग दोनशे. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवणारी माणसं त्यात अडकली, आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं खासगी मेसेजवरची ती मर्यादा रद्द केली. पाहुणा नोंदणी न केलेल्या नंबरांवरून येतच राहिला.

मग १९ जुलै २०१८ चे नियम. यात खरी अक्कल होती. मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येक धंद्यानं आपलं नाव नोंदवायचं, कपाळावरचं सहा अक्षरांचं नाव नोंदवायचं, इतकंच नव्हे तर मेसेजचा साचा, कुठं आकडा येणार, कुठं नाव येणार, तेही आधी मंजूर करून घ्यायचं. साच्याबाहेरचा मेसेज वाटेतच गळणार. हे कडकपणे सुरू केलं ८ मार्च २०२१ ला, आणि त्या दिवशी देशभर बँकांचे ओटीपीच अडले. बँकांनी साचे नीट नोंदवले नव्हते. पैसे पाठवता येईनात, कोविडच्या लशीची नोंदणी खोळंबली. दुसऱ्या दिवशी ट्रायनं चाळणी आठवडाभर थांबवली. महिला दिनाचा मुहूर्त कुणी काढला होता कोण जाणे.

त्या दिवसानं आपल्या पाहुण्याचं खरं बळ दाखवलं. त्याचा एक सज्जन भाऊ आहे, ओटीपी, आणि दोघं एकाच दारातून येतात. धाकट्याला अडवायला गेलं की थोरला अडकतो. शहरातल्या नोकरदाराला हे गैरसोयीचं. कुंभारीत ते त्याहून जड जातं. पानं आणि तंबाखू चोळून चोळून विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि आधारच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही ही तक्रार जुनी आहे. अंगठा चालला नाही की उरतो तो मोबाइलवरचा आकडा. भविष्य निर्वाह निधीचं काम असो, बँकेचं असो, जुलै २०२४ पासून महिन्याला दीड हजार देणाऱ्या लाडकी बहीण योजनेचं असो. त्या योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा आधारशी जोडलेल्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीवरच सगळं अवलंबून होतं. म्हणून या घरात फोन बंद करता येत नाही, आवाज घालवता येत नाही, आणि प्रत्येक टुंगला बघावंच लागतं. दहातल्या नऊ वेळा कंपनीचा असतो. दहाव्या वेळी दीड हजार रुपयांचा असतो.

वैताग हा याचा लहान भाग. वैतागायला वेळ लागतो, तो इथं नाही. नुकसान होतं ते वेगळंच. नऊ खोट्या अभिनंदनांनंतर दहावा खरा निरोप आला की त्यावरही विश्वास बसत नाही. आणि उलट, बँकेच्या निरोपासारखा दिसणारा अकरावा आला की त्यावर बसतो. ‘तुमचं खातं आज बंद होईल, इथं दाबा’ म्हणणारा ठग या गर्दीतच लपतो. निव्वळ जाहिरात करणाऱ्याला मी ठग म्हणत नाही. पण ठगाला लपायला झाडी त्यानंच वाढवून दिलेली असते, आणि त्याचं भाडं तो कुणाला देत नाही.

आता ‘नको’ म्हणायचं कसं ते बघा. १९०९ या नंबरला मेसेज करायचा, ‘स्टार्ट’ आणि पुढं शून्य, म्हणजे सगळं बंद. सगळंच बंद करायचं नसेल तर प्रकार निवडता येतात. बँक-विमा-कर्ज, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, वस्तू आणि गाड्या, मनोरंजन आणि माहिती तंत्रज्ञान, पर्यटन, खाणंपिणं. ही यादी वाचली की ती कुणाचं आयुष्य समोर ठेवून केली हे लगेच समजतं. काय नको ते निवडायलाही आधी ते परवडावं लागतं.

विडी कारखान्यात रोजचा माल मोजून घेताना चेकर छाट काढतो. पान फाटकं, वळण सैल, बाजूला टाक. छाटीचा तोटा वळणारणीच्या अंगावर. मेसेजच्या बाबतीतही तेच झालं आहे, फक्त इथं माल दुसऱ्याचा आणि छाट काढण्याचं काम मात्र हिचंच. कायदा तिला सांगतो, बाई, तू निवड, तू कळव, तू नोंद कर, तू तक्रार कर. २००३ च्या अमेरिकेपासून २०११ च्या दिल्लीपर्यंत सगळ्या शहाण्यांनी हा भार घेणाऱ्यावरच टाकला. पाठवणाऱ्याला एक मेसेज पडतो पैशांत. ‘नको’ची किंमत कुणी मोजली नाही, कारण ती रुपयांत नसते.

२०२३ चे दोन कायदे वेगळ्या दिशेनं बोलतात, हे नोंदवायला हवं. ऑगस्टमधला वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा म्हणतो की माणसाची माहिती वापरायला त्याची स्पष्ट, मोकळी संमती हवी; मोडला तर दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना आणखी दीड वर्षाची मुदत मिळाली. डिसेंबरमधल्या दूरसंचार कायद्याच्या २८ व्या कलमानं ठराविक मेसेजसाठी आधी परवानगी घेण्याचे नियम करायला सरकारला मुभा दिली. जून २०२४ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानंही नको असलेल्या व्यापारी निरोपांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा लोकांपुढं ठेवला. सगळीकडं शब्द एकच, संमती. आणि संमती सिमकार्ड घेताना कशी घेतली जाते हे पाहिलेल्या माणसाला त्या शब्दाचं कौतुक बेतानंच वाटतं. दुकानदार आपल्याच बोटानं चौकटीत खूण करतो, “अक्का, अंगठा ठेवा” म्हणतो, यंत्र लाल होतं, अंगठा पुसून पुन्हा ठेवायचा. कशाला हो म्हटलं ते दोघांनाही माहीत नसतं.

मोठी झाडाझडती झाली ती २०२४ मध्ये. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत बिननोंदणीच्या विक्रेत्यांविरुद्ध ७.९ लाखांहून जास्त तक्रारी आल्या. १३ ऑगस्टला ट्रायनं दूरसंचार कंपन्यांना बजावलं की अशांच्या जोडण्या तोडा आणि दोन वर्षांसाठी काळ्या यादीत टाका. तीन आठवड्यांत पावणेतीन लाख नंबर तोडले गेले. पाहुण्याचं काय झालं? त्यानं जागा बदलली. व्हॉट्सॲपवर गेला. तिथं त्याला १६० अक्षरांचं कुंपण नाही, शेपूट नाही, टिळा नाही, आणि ट्रायचे हे नियम लागू नाहीत. उलट तिथं त्याला चित्र लावता येतं, हिरव्या रंगाचं बटण लावता येतं, आणि मराठीला जास्तीचे पैसे पडत नाहीत. गेली कित्येक वर्षं जे कुणी करू शकलं नाही ते झालं आहे, तो मराठी बोलायला लागला आहे. “ताई, तुमचा हप्ता जमा झाला नाही का?” असं विचारतो. ताई म्हणतो, हे विशेष.

१२ फेब्रुवारी २०२५ ला नियमांत आणखी दुरुस्ती झाली आणि त्यातला एक भाग कुंभारीसाठी मुद्दाम केल्यासारखा आहे. आता तक्रारीसाठी आधी ‘नको’ची नोंद केलेली असावी लागत नाही. मेसेज आल्यापासून सात दिवसांत कळवायचं. पूर्वी तीनच दिवस मिळत. कंपनीनं पाच दिवसांत कारवाई करायची, पूर्वी तीस दिवसांची सवलत होती. आणि एखाद्या बिननोंदणीच्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की त्याच्यावर कारवाई सुरू. पहिल्यांदा पंधरा दिवस त्याचे बाहेर जाणारे फोन-मेसेज बंद, पुन्हा सापडला तर सगळ्याच कंपन्यांकडून वर्षभर जोडणी तोडायची. अशा अनाहूत निरोपांच्या मोजणीत चलाखी करणाऱ्या दूरसंचार कंपनीला दंड, दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत.

पाच तक्रारी. मुंबईच्या टॉवरमध्ये शेजाऱ्याचं नाव माहीत नसणाऱ्यांना हा आकडा मोठा आहे. ज्या वसाहतीतल्या बायका कलेक्टर कचेरीवर हजारोंनी बसल्या, सभेची वेळ एका आळीतून दुसऱ्या आळीत तोंडी पोचवली, तिथं एका गल्लीत उंबऱ्याशी बसलेल्या पाच जणींचे पाच फोन दुपारपर्यंत सहज गोळा होतात. एकाच कर्जवाल्याचा तोच मेसेज त्या पाचही फोनवर असण्याची शक्यता दांडगी. कुणीतरी शिकलेल्या पोरीनं बसून मजकूर, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख अशा तीन गोष्टींची जुळणी करायची, १९०९ ला पाठवायची, आणि आलेला तक्रार क्रमांक वहीत उतरवून ठेवायचा. युनियनच्या कामापुढं हे काहीच नाही.

फक्त मेसेज साधा असायला हवा. व्हॉट्सॲपवरचा असेल तर १९०९ वाले घेत नाहीत.